हिशेब करून बघू! : फिशटँकच्या तळाला वाळू किती?

मित्र-मैत्रिणींनो, कागद, पेन्सिल आणि मोजपट्टी घेऊन बसा बरं! गेल्या खेपेला आपण गच्चीवर पडणाऱ्या पावसाचा हिशेब केला होता. आज तेच लांबी-रुंदी-उंचीचं हत्यार घेऊन आपण थेट पाण्याखाली उतरणार आहोत.

घरात फिशटँक आणायचं ठरलं, की पहिली चर्चा कशाची होते? अर्थातच माशांची! गप्पी आणायचे की गोल्डफिश, काळे की केशरी, यावर भावंडांची जुंपते. मग टाकी कुठे ठेवायची, दिवा कुठला लावायचा यावर आई-बाबांची चर्चा होते. बिचाऱ्या तळाचा विचार मात्र कुणीच करत नाही. निघता निघता दुकानदाराला विचारायचं, "काका, वाळू किती लागेल?" काका टाकीकडे एक नजर टाकतात आणि म्हणतात, "पाच किलो पुरेल." झालं! पिशवी घरी येते, वाळू पसरली जाते, हौसेनं झाडं लावली जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी बघावं, तर सगळी झाडं पाण्यावर तरंगतायत!

तुम्ही म्हणाल, "हॅ! वाळू टाकायला कसलं आलंय गणित? टाकायची मूठभर जास्त!" पण मूठभर जास्त म्हणजे नक्की किती? कमी पडली तर झाडं उपटून येतात. अति झाली तर तळ सडतो, पाणी बिघडतं आणि त्याची शिक्षा भोगतात मासे. त्यांना काही टाकीबाहेर पळून जाता येत नाही! म्हणून आज हा हिशेब नीट करू या. पाचवीतल्यांना घनफळ येत असेल, तर तेवढं पुरे. आठवी-नववीवाल्यांसाठी थोडी भूमिती मध्ये येईल. घाबरू नका.

तळाला वाळू कशासाठी?

नुसतेच मासे ठेवायचे असतील, तर वाळूवाचूनही चालतं. पण आपल्याला हवी आहे झाडं असलेली टाकी, म्हणजे पाण्याखालची छोटीशी बागच. अशा टाकीत तळाचा थर तीन कामं करतो.

पहिलं काम तुम्ही ओळखलंच असेल. मुळांना धरून ठेवणं. दुसरं काम म्हणजे मुळांना अन्न पुरवणं. आणि तिसरं काम दिसत नाही, पण सगळ्यात मोठं आहे. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो माशांना विषारी असतो. वाळूच्या कणाकणांवर राहणारे जिवाणू या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट पुष्कळच कमी धोक्याचं, आणि झाडं ते खत म्हणून वापरून टाकतात. म्हणजे तुमच्या टाकीची सफाई कामगारांची वसाहत या वाळूतच असते, बरं का!

ही युक्ती काही आजची नाही. १८५० साली लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञानं तिथल्या केमिकल सोसायटीपुढे आपला एक प्रयोग मांडला. काचेच्या भांड्यात त्यानं तळाशी वाळू आणि गाळ घातला, व्हॅलिसनेरिया ही गवतासारखी लांब पानांची पाणवनस्पती लावली आणि दोन छोटे गोल्डफिश सोडले. झाड माशांना प्राणवायू देणार आणि माशांमुळे झाडाला खत मिळणार, असा त्याचा विचार. पण झाडाची जुनी पानं कुजायला लागली आणि पाणी खराब होऊ लागलं. मग त्यानं त्यात गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पानं फस्त केली आणि सगळं गाडं सुरळीत चालू झालं. ती व्हॅलिसनेरिया आजही फिशटँकच्या दुकानात हमखास मिळते.

किती जाड थर हवा?

हिशेबाला बसण्याआधी हे ठरवायला हवं, आणि ते ठरवणार कोण? दुकानदार नव्हे, तुम्ही निवडलेली झाडं!

व्हॅलिसनेरिया, क्रिप्टोकोरायनी यांसारख्या झाडांना ५ ते ६ सेंमी थर पुरतो. (क्रिप्टोकोरायनीच्या काही जाती तर आपल्या पश्चिम घाटातच, ओढ्याकाठी उगवतात.) अॅमेझॉन सोर्ड नावाचं मोठ्या पानांचं झाड असतं, त्याची मुळं फार पसरतात. त्याला ७ ते ८ सेंमी हवेत. टाकीच्या पुढच्या भागात लावायच्या बुटक्या झाडांचं ३ ते ४ सेंमीत भागतं.

आणि काही झाडांना वाळू अजिबात नको असते! जावा फर्न आणि अनुबियास ही झाडं दगडाला किंवा लाकडाला दोऱ्यानं बांधायची. त्यांचं आल्यासारखं आडवं खोड वाळूत पुरलंत, तर ते कुजून जातं. विज्ञानाच्या पुस्तकातली हायड्रिला आठवते ना? प्राणवायूचे बुडबुडे दाखवायला परीक्षानळीखाली ठेवतात ती. ती वाळूत रोवली तरी वाढते, नुसती तरंगत ठेवली तरी वाढते. सेरॅटोफायलमला तर मुळंच नसतात!

"मग सगळीकडे भरपूर १५ सेंमी थर देऊन टाकू. कुठलंही झाड लावता येईल!" असं कुणी म्हणेल. तर थांबा. बारीक वाळूचा थर ९-१० सेंमीच्या पुढे गेला, की खालपर्यंत प्राणवायू पोचणं कठीण होतं. मग तिथे प्राणवायूवाचून जगणारे जिवाणू वाढतात. वाळूत काळे डाग दिसू लागतात आणि ढवळली, तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. तो हायड्रोजन सल्फाइड वायू. माशांसाठी तो विषच. तेव्हा 'जास्त म्हणजे चांगलं' हा नियम इथे चालत नाही.

आता हिशेब

समजा, आपण दुकानातली नेहमीची 'दोन बाय एक बाय एक'ची टाकी आणली. म्हणजे दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. सोयीसाठी ६० सेंमी × ३० सेंमी × ३० सेंमी धरू. आपल्याला ६ सेंमी जाडीचा थर हवाय.

लांबी × रुंदी × थराची जाडी
= ६० × ३० × ६ = १०,८०० घन सेंमी

१,००० घन सेंमी म्हणजे १ लिटर. म्हणून १०,८०० घन सेंमी म्हणजे १०.८ लिटर वाळू.

संपलं? इतक्यात नाही! तुमच्यातल्या एखाद्या चिकित्सक डोक्यात शंका आली असेल, की ६० आणि ३० सेंमी ही मापं तर टाकीच्या बाहेरची. वाळू काही काचेच्या आत शिरणार नाही! अगदी बरोबर. काच ५ मिमी जाड असेल, तर दोन्ही बाजूंची मिळून १ सेंमी गेली. आतलं माप उरलं ५९ × २९.

५९ × २९ × ६ = १०,२६६ घन सेंमी, म्हणजे साधारण १०.३ लिटर.

अर्धा लिटर वाचला! टाकी जितकी मोठी, तितकी काच जाड. म्हणून मोजपट्टी नेहमी आतून लावायची, हे लक्षात ठेवा.

उतार दिला तर?

चांगल्या टाकीचा फोटो नीट बघा. वाळू पुढे कमी आणि मागे जास्त असते. त्यामुळे टाकी आहे त्यापेक्षा खोल वाटते. शिवाय मागे मोठ्या मुळांची उंच झाडं, पुढे बुटकी झाडं, अशी सोयही होते. जपानचे ताकाशी अमानो (१९५४–२०१५) हे छायाचित्रकार अशा पाण्याखालच्या बागांसाठी जगभर प्रसिद्ध झाले. डोंगर, कुरणं, जंगल यांचा भास ते दोन-तीन फुटांच्या काचेत निर्माण करत. त्यात तळाच्या या उताराचा वाटा मोठा होता.

समजा, पुढे ४ सेंमी आणि मागे ८ सेंमी थर द्यायचाय. टाकीच्या बाजूच्या काचेतून पाहिलंत, तर वाळूचा कुठला आकार दिसेल? दोन उभ्या बाजू समांतर, एक लहान आणि एक मोठी. आठवीवाले ओरडले असतील, "समलंब चौकोन!" शाब्बास!

समलंब चौकोनाचं क्षेत्रफळ = समांतर बाजूंच्या लांबींची बेरीज × त्यांच्यातलं अंतर ÷ २
= (४ + ८) × २९ ÷ २ = १७४ चौरस सेंमी

याला टाकीच्या लांबीनं गुणा.

१७४ × ५९ = १०,२६६ घन सेंमी.

अरेच्चा! हे तर मघाचंच उत्तर! बरोबर आहे. ४ आणि ८ यांची सरासरी ६ येते. मागची जास्तीची वाळू पुढे ओढली, तर सगळीकडे सपाट ६ सेंमी थर होणार. म्हणून लहान मुलांनी समलंब चौकोनाची धास्ती घेऊ नये. पुढची जाडी आणि मागची जाडी यांची सरासरी काढा आणि तिनं गुणा. मात्र उतार एकसारखा असेल तरच हे चालेल. मध्येच टेकडी केलीत, तर टेकडीचा वेगळा हिशेब!

लिटरचे किलो कसे करायचे?

आपल्याला लागणार १०.३ लिटर वाळू. पण दुकानात वाळू मिळते किलोवर. १ लिटर पाण्याचं वजन १ किलो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून पुष्कळ जण १०.३ किलो वाळू घेऊन येतात आणि फसतात. वाळू पाण्यापेक्षा जड असते.

मग १ लिटर वाळूचं वजन किती? पुस्तकात शोधू नका, स्वतः मोजा! १ लिटरचं माप घ्या. ते नसेल, तर एखाद्या बरणीत मोजून १ लिटर पाणी ओता आणि पाणी जिथवर आलं तिथे खूण करा. बरणी रिकामी करून कोरडी पुसा आणि वजन करा. मग खुणेपर्यंत कोरडी वाळू भरून पुन्हा वजन करा. दोन्हींतला फरक म्हणजे १ लिटर वाळूचं वजन. घरात वजनकाटा नसेल, तर किराणावाले काका नाही म्हणणार नाहीत.

साध्या कोरड्या वाळूचं हे वजन साधारण १.५ ते १.६ किलो भरतं. दुकानात फिशटँकसाठी भाजलेल्या मातीचे काळपट गोळे मिळतात, त्यांना 'अॅक्वासॉइल' म्हणतात. ते पुष्कळच हलके असतात. १ लिटर भरायला साधारण किलोभर पुरतात. म्हणून पिशवीवर लिटर लिहिलेत की किलो, हे आधी वाचा.

आता आपला हिशेब पुरा करू. वाळू धुताना थोडी वाहून जाते. शिवाय पाणी ओतल्यावर थर जरा दबतो. म्हणून दहा टक्के जास्त धरू.

१०.३ + १.० = ११.३ लिटर
११.३ × १.६ = १८ किलो (साधारण)

आणि दुकानदारकाका काय म्हणाले होते? पाच किलो! पाच किलो वाळूचा किती जाड थर झाला असता, ते उलटा हिशेब करून पाहू. ५ ÷ १.६ म्हणजे ३.१ लिटर, म्हणजे ३,१०० घन सेंमी. टाकीच्या तळाचं क्षेत्रफळ ५९ × २९ = १,७११ चौरस सेंमी. ३,१०० ÷ १,७११ = १.८ सेंमी. दोन सेंमीसुद्धा नाही! झाडं तरंगली त्यात नवल ते काय? झाडांचा दोष नाही, लावणाऱ्याच्या हाताचाही नाही. दोष त्या न केलेल्या भागाकाराचा.

एक सूचना. वाळू ओली असेल तर विकत घेताना पाण्याचंही वजन तुमच्या पदरात पडतं. शक्यतो कोरडीच घ्या.

बरणीचा दुसरा प्रयोग

बरणीतली वाळू फेकलीत का? फेकू नका. त्या १ लिटर वाळूत हळूहळू पाणी ओता. मोजून ओता हं! वाळूच्या वर पाणी दिसू लागलं, की थांबा. किती पाणी मावलं? साधारण ४०० मिलिलिटरच्या आसपास!

गंमत आहे की नाही? बरणी तर वाळूनं काठोकाठ भरलेली होती. मग एवढं पाणी राहिलं कुठे? कणांच्या मधल्या फटींत. याचा अर्थ १ लिटर वाळूत खरी दगडी वाळू ६०० मिलिलिटरच असते, बाकी सगळी हवा. आपली ती जिवाणूंची वसाहत याच फटींमधून श्वास घेते.

या प्रयोगाचा उपयोग फार मोलाचा आहे. मासे आजारी पडले, की आपण पाण्यात औषध घालतो. ते 'इतक्या लिटर पाण्याला इतके थेंब' अशा हिशेबानं घालायचं असतं. आता सांगा, आपल्या टाकीत पाणी किती? बाहेरून मोजलं, तर ६० × ३० × ३० = ५४,००० घन सेंमी, म्हणजे ५४ लिटर. बहुतेक जण हाच आकडा धरतात. पण खरं काय?

आपण पाणी काठापर्यंत भरत नाही. आतल्या तळापासून २७ सेंमीपर्यंत भरलं, असं धरू.

५९ × २९ × २७ = ४६,१९७ घन सेंमी, म्हणजे ४६.२ लिटर.

यातून वाळूच्या कणांनी अडवलेली जागा वजा करा.

१०.३ लिटरचे ६० टक्के = ६.२ लिटर
४६.२ – ६.२ = ४० लिटर

पाणी आहे फक्त ४० लिटर! समजा, एखादं औषध दर २ लिटरला १ थेंब घालायचं आहे. ५४ लिटर धरून घातलंत तर २७ थेंब, आणि खरे हवेत २०. सात थेंब जास्त! माणसाच्या औषधाच्या चमच्यात आपण अशी चूक चालवून घेऊ का? मग माशांच्या बाबतीत का घ्यायची? दगड, लाकूड ठेवलं असेल तर पाणी आणखी कमी भरतं. म्हणून टाकी पहिल्यांदा भरताना बादल्या मोजा. किती लिटर पाणी लागलं, तो आकडा एका चिठ्ठीवर लिहून टाकीच्या मागच्या बाजूला चिकटवून ठेवा. कधीतरी त्या चिठ्ठीमुळे मासे वाचतील.

आई-बाबांसाठी दोन ओळी

वजनाचा हिशेबही इथेच उरकू या. पाणी ४० किलो, वाळू साधारण १६ किलो आणि ५ मिमी काचेच्या टाकीचं स्वतःचं वजन ९ किलो. एकूण झाले ६५ किलो. म्हणजे एक मोठा माणूस रात्रंदिवस त्या टेबलावर उभा! म्हणून डुगडुगणारं स्टूल किंवा भिंतीतली लाकडी फळी नको. चारही पाय सपाट टेकणारं भक्कम स्टँड हवं, टाकीखाली थर्माकोलचा किंवा फोमचा पातळ तुकडा हवा. आणि टाकी भरलेली असताना ती सरकवायची नाही. कध्धीच नाही!

गोल भांडं असेल तर?

"आमच्याकडे काचेचं गोल भांडं आहे. त्याची लांबी-रुंदी कुठली काढायची?" अशी शंका आली असेल, तर हात्तिच्या, त्याला सूत्र कशाला हवं! थराची जितकी जाडी हवी, तितक्या उंचीवर बाहेरून खूण करा. खुणेपर्यंत पाणी भरा. मग ते पाणी मापात ओतून मोजा. जितकं पाणी, तितकीच वाळू! भांडं गोल असो, षटकोनी असो, की आजीच्या लोणच्याची जुनी बरणी असो, ही युक्ती सगळीकडे चालते.

लहानशा प्लॅस्टिकच्या चौकोनी डब्यात तर उतारसुद्धा पाण्यानं मोजता येतो. पुढच्या बाजूखाली एक वही सरकवून डबा तिरका करा. पाणी पुढे कमी, मागे जास्त झालं की नाही? हवी ती उंची जुळली, की तेच पाणी मोजा. काचेच्या मोठ्या टाकीवर मात्र हा प्रयोग करू नका. ती तिरकी झाली तर जोड सुटतील.

आणि हो, छोट्या गोल भांड्यात गोल्डफिश ठेवू नका. तो मासा मोठा होतो आणि घाणही भरपूर करतो. तिथे एखादं झाड आणि एक-दोन गोगलगायी छान दिसतील.

कुठली वाळू घ्यायची?

कण १ ते ३ मिमीचे असावेत. पिठासारखी बारीक वाळू घट्ट बसते आणि तिच्यात हवा-पाणी खेळत नाही. मोठ्या खडीत खाद्याचे दाणे फटींत पडून कुजतात आणि झाडांची मुळंही धरली जात नाहीत. दोन चाळण्या वापरून हवे तेवढे कण वेगळे करता येतात. दगड फोडून केलेल्या वाळूच्या कडा धारदार असतात. तळाशी तोंड खुपसून खाणाऱ्या माशांच्या मिशा तिच्यामुळे सोलवटतात. म्हणून गुळगुळीत कणांची वाळू बघा.

कोकणातल्या मित्रांना वाटेल, "आमच्याकडे तर समुद्रावर पाहिजे तितकी फुकट!" पण त्या वाळूत मीठ असतं आणि शिंपल्यांचा चुराही. मीठ धुऊन जाईल, शिंपले कसे जातील? ते हळूहळू विरघळतात आणि पाणी जड होत जातं. वाळूत शिंपले आहेत का, हे ओळखायची परीक्षा सोपी आहे. चमचाभर कोरड्या वाळूवर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाका. फसफसून बुडबुडे आले, तर ती वाळू आपल्या कामाची नाही.

नदीवर जाऊन वाळू आणायचाही बेत करू नका. बेसुमार उपशामुळे कित्येक ठिकाणी नदीच्या पात्रात खोल खड्डे झालेले असतात. वरून पाणी शांत दिसतं, पाय टाकला की तळ लागत नाही. शिवाय नदीची वाळू हे नदीचंच घर आहे. पाणी जमिनीत मुरवण्याचं काम ती करते. आपल्याला १८ किलोच हवीत. दुकानातून घ्या, किंवा कुणी जुनी टाकी मोडत असेल तर त्यांची वाळू मागून घ्या आणि धुऊन वापरा. वाळू जुनी होत नाही!

काही जण तळाशी बागेतली माती आणि वर वाळू असे दोन थर देतात. अमेरिकेच्या डायना वॉलस्टॅड यांच्या १९९९ सालच्या पुस्तकामुळे ही पद्धत खूप गाजली. तिचा हिशेब तुम्हाला आता सहज येईल. माती २.५ सेंमी, म्हणजे ५९ × २९ × २.५ = ४.३ लिटर. वर वाळू ३ सेंमी, म्हणजे ५.१ लिटर. माती मात्र रासायनिक खत किंवा शेणखत न घातलेली हवी. नाहीतर पाण्यात अमोनिया उतरतो आणि मासे दगावतात.

पसरायची कशी?

वाळू बादलीत घेऊन पाणी निवळ दिसेपर्यंत पुन्हा पुन्हा धुवा. साबण मुळीच नको! मग ती टाकीत पसरा. एका पट्टीनं उतार द्या आणि बाहेरून मोजपट्टी लावून पुढे ४, मागे ८ सेंमी आहे ना, ते बघा. वाळूवर एक बशी ठेवा आणि बशीवर हळूहळू पाणी ओता. म्हणजे केलेला उतार मोडणार नाही. आधी झाडं लावा. मासे आणायची घाई करू नका. जिवाणूंची वसाहत वसायला काही आठवडे लागतात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवायलाही विसरू नका. आणि पुढे कधी टाकी बंद केलीत, तर त्यातले मासे आणि झाडं नदी-तळ्यात सोडायची नाहीत. परक्या जाती तिथल्या जीवांना हुसकावून लावतात.

आता तुमची पाळी!

शाळेच्या प्रयोगशाळेसाठी एक टाकी आणली आहे. आतून लांबी ९० सेंमी, रुंदी ३५ सेंमी. पुढे ४ सेंमी आणि मागे १० सेंमी असा एकसारखा उतार द्यायचाय. बरणीच्या प्रयोगात १ लिटर वाळू १.५ किलो भरली. धुण्यासाठी दहा टक्के जास्त वाळू घ्यायची आहे. वाळू ५ किलोच्या पिशव्यांत मिळते. तर वर्गणी किती पिशव्यांची काढायची?

खालचं उत्तर झाकून ठेवा आणि आधी स्वतः सोडवा. लबाडी करायची नाही!

उत्तर : सरासरी जाडी ७ सेंमी. ९० × ३५ × ७ = २२,०५० घन सेंमी, म्हणजे २२.०५ लिटर. दहा टक्के मिळवून २४.२६ लिटर. १.५ नं गुणून ३६.४ किलो. सात पिशव्यांत ३५ किलोच होतात. म्हणून ८ पिशव्या. उरलेल्या वाळूत बरणीचा प्रयोग सगळ्या वर्गाला करून दाखवा!